शेतातलं विश्वविजेतेपद

रविवार, २ मार्च

ऑफिसने मला एक कोच लावून दिली आहे. नाव मोना. पंधरा दिवसांनी एकदा व्हिडिओवर येते आणि मान तिरकी करून ऐकते. कारण काय, तर यश नावाच्या पोराच्या डिझाइनला मी भर मीटिंगमध्ये कचरा म्हणालो. ते कचराच होतं. पण या देशात खरं बोललं की 'टोन'चा प्रश्न उभा राहतो. मोनाचं म्हणणं असं की माझ्या बोलण्यात तुच्छता असते, तेव्हा मनातलं लिहून काढत जा. ठीक आहे. मराठीत लिहीन, म्हणजे तिला तपासता येणार नाही.

आजचीच गोष्ट. जेवताना रुचा आमटी वाढता वाढता म्हणाली, "एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी माझी वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे."

"कसली?"

"स्पीडवेची."

ठसका लागेपर्यंत हसलो. आमची सई, वय चौदा, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीतच, फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "डॅड, इट्स नॉट फनी."

दोन वर्षांपासून रुचा शनिवारी सकाळी स्पीडवेला जाते. त्या नावाचे पेट्रोल पंप असतात, म्हणून सुरुवातीला मी आपला समजत होतो की गॅस भरून, मैत्रिणींबरोबर कॉफी पिऊन येत असेल. मग एक दिवस गॅरेजमध्ये शर्यतीची मोटरसायकल येऊन उभी राहिली. दिवे नाहीत, आरसे नाहीत, ब्रेक नाहीत. ब्रेक नाहीत! विचारलं तर म्हणे, "शर्यतीतल्या चौघींनाही ब्रेक नसले की बरं असतं. पुढची अचानक थांबत नाही." ही बाई सांगलीच्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनियर झालेली आहे. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात पाइपांची तपासणी करते. वय एक्केचाळीस.

टेक्सासमधल्या या आमच्या फ्रिस्कोत प्रत्येकाला काहीतरी असावंच लागतं. कोपऱ्यावरचा सुशांत मॅरेथॉन पळतो आणि चार महिने त्याबद्दल बोलतो. आता आमच्याकडे विश्वविजेती.

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर वारा, हवेत परागकण, सगळं ऑफिस शिंकतंय. दुपारी जरा शोध घेतला. या स्पर्धेला कुठल्याही आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता नाही. घरी येऊन रुचाला सांगितलं. मला वाटलं, चेहरा पडेल.

"माहीत आहे," ती म्हणाली. "नावातच आहे. अनऑफिशियल वर्ल्ड चॅम्पियनशिप."

म्हणजे नोटेवरच छापलंय की ही नोट खोटी आहे.

शनिवार, १५ मार्च

रुचाची गाडी मेकॅनिककडे, म्हणून मीच तिला आणि तिच्या यंत्राला सोडायला गेलो. बॉनहॅम गावाच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत शिरलं की एक शेत. शेतात लाकडी कुंपणाचं लंबगोल मैदान, लाल माती, एका बाजूला गंजक्या पायऱ्या. पायऱ्यांवर दोन कुत्री आणि एक म्हातारा. जग इथे जिंकायचं आहे.

मालकीण लॉरेटा, सत्तरीची, स्वतः पूर्वी चालवायची म्हणे. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे. मी सभ्यपणे विचारलं की ही वर्ल्ड चॅम्पियनशिप कशी काय?

"जशी पहिली झाली तशी, हनी," ती म्हणाली. "छत्तीस साली लंडनला पहिली अधिकृत झाली. त्याच्याआधी सिडनीत एक विश्वविजेता, ब्वेनोस आयरेसला एक, पॅरिसला आणखी एक. मैदानाचा मालक गावभर पोस्टरं लावायचा. बोटीने जे येतील ते येतील, आणि आलेल्यांत जो पहिला येईल तो जगज्जेता."

"हरलेले हे मान्य करायचे?"

"हरलेले पुढच्या बोटीने दुसऱ्या गावी जायचे आणि तिथे जगज्जेते व्हायचे."

हे ती अभिमानाने सांगत होती! मग म्हणाली की सुरुवातीला बायकाही धावायच्या. इंग्लंडात एक पडली, जखमी झाली आणि बायकांनाच बंदी घातली. पुरुष पडत होते, ते पडत राहिले. "म्हणून आम्ही अजून त्याच काळात आहोत. आमचं छत्तीस साल यायचंय. तोवर वाट बघत बसायचं, की पोस्टर लावायचं?"

मी म्हणालो, "पण कुणाची तरी परवानगी लागेल ना. कॉम्पिटंट ऑथॉरिटी कोण आहे यात?"

तिने मला तीन वेळा तो शब्द परत म्हणायला लावला. मग हसली आणि मैदानावर पाणी मारायला निघून गेली.

खेळ मी पाहिला. चार जणी, चार फेऱ्या, संपलं. एक मिनिटसुद्धा लागत नाही. डावीकडे वळायचं तर हँडल उजवीकडे फिरवायचं, मागचं चाक बाहेर फेकायचं आणि गाडी आडवी घसरत न्यायची. डाव्या बुटाखाली लोखंडी तळवा असतो, तो मातीत घासत जातो. अठरा वर्षं मी जिच्याबरोबर राहतो ती बाई माझ्यासमोरून आडवी गेली आणि कुंपणावर ओल्या मातीचा फटकारा बसला. शर्ट गेला.

परत येताना ती गाडीत गुणगुणत होती. कुठलं गाणं ते ओळखू आलं नाही. घरी कधी गुणगुणत नाही.

सोमवार, १७ मार्च

जेवणाच्या सुट्टीत एक फोन केला. मोटरसायकलच्या खेळांचं इथे एक मंडळ आहे, त्याच्या ऑफिसला. तक्रार वगैरे नाही, चौकशी. अमुक ठिकाणी अमुक नावाने स्पर्धा भरते आहे, 'वर्ल्ड' हा शब्द वापरायला कॉम्पिटंट ऑथॉरिटीची मान्यता आहे का, एवढंच. पलीकडची बाई फार नम्र होती. सगळं लिहून घेतलं. माझं नाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

यात मी एकही खोटं वाक्य बोललेलो नाही. शिवाय उद्या कोणी पडलं झडलं तर काय, याचा विचार कोणीतरी करायला हवाच.

आज मोनाचा कॉल होता. तिने विचारलं, घरी कसं आहे? मी म्हणालो, उत्तम.

गुरुवार, २७ मार्च

मंडळाने लॉरेटाला कळवलं आहे की हे नाव वापरता येणार नाही. नाव गेलं म्हणून मंडळाचा शिक्का गेला, शिक्का गेला म्हणून विमा कंपनीने प्रेक्षकांसाठीचा विमा नाकारला. म्हणजे तिकीट लावता येणार नाही. फार तर क्लबचा सराव म्हणून गाड्या पळवा, ओळखीपाळखीच्या लोकांना पाहुणे म्हणून बोलवा. अनधिकृत होतं, त्यातलंही अनधिकृत झालं. ऑस्ट्रेलियातून, अर्जेंटिनातून बायकांनी विमानाची बुकिंग केलेली आहेत.

रुचाने हे सगळं भाजी चिरता चिरता सांगितलं. मी म्हणालो, "अरेरे." मनापासून म्हणालो. नियम माहीत नसलेल्यांची मला खरंच कीव येते.

रविवार, ३० मार्च

रुचा दुपारी बॉनहॅमहून आली. हात धुतले, टेबलाशी माझ्यासमोर बसली.

"मंडळाला कोणीतरी फोन केला होता. तिथल्या बाईने लॉरेटाला सांगितलं. माणूस फार सभ्य होता म्हणे, सारखं कॉम्पिटंट ऑथॉरिटी, कॉम्पिटंट ऑथॉरिटी म्हणत होता."

मी पेपर वाचत होतो.

"तू केलास?"

"मी चौकशी केली."

"चौकशी."

"विचारायला काय हरकत आहे? सगळं नियमात असतं तर काय बिघडलं असतं?"

तिने थोडा वेळ टेबलावरचा कण बोटाने पुसला. "इथे आल्यावर मी शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवायला लागले होते. तेव्हाही तू चौकशीच केली होतीस. वकिलाकडे."

हे तिने आता काढायचं काय कारण? तेव्हा ती माझ्या व्हिसावर होती. काम करायची परवानगी नव्हती. फुकट शिकवलं तरी उद्या कोणी बोट ठेवलं असतं, तर ग्रीन कार्ड लटकलं असतं. आठ वर्षं तिला घरी बसावं लागलं, ते काय मी केलं? सरकारचा नियम. उलट मी म्हणत होतो, आराम कर, टीव्ही बघ. माझी बहीण पुण्यात म्हणायची, वहिनीची मजा आहे.

"मग आता रद्द का?" मी विचारलं.

"नाही. पोस्टरवरचं नाव पुसायचं. बाकी सगळं होणार." उठताना म्हणाली, "भात लावू का?"

भांडण नाही, काही नाही. एकूण समजूतदार आहे. मी तसं म्हणालोही.

सोमवार, ७ एप्रिल

रुचा हल्ली सईच्या खोलीत झोपते. मी घोरतो म्हणे. पूर्वीही घोरत असणार. मोनाला सांगण्यासारखं काही नाही.

रविवार, २० एप्रिल

पाहुणी आली. पिलार, पन्नाशीची, अर्जेंटिनात कुठल्याशा गावी शाळेची बस चालवते. हॉटेल परवडत नाही म्हणून या बायका एकमेकींच्या घरी उतरतात, आणि हे मला विमानतळावर जाताना कळलं. हातात एक बॅग, दुसऱ्या हातात लोखंडी तळव्याचा बूट, उघडाच. फ्रिस्कोत जगज्जेते असे येतात.

थालीपीठ तिने तीनदा मागून घेतलं, टोमॅटो केचपबरोबर. इंग्रजी येत नाही. फोनमध्ये स्पॅनिश बोलते, फोन इंग्रजी बोलतो. मला विचारलं, तुम्ही काय काम करता? मी म्हणालो, मोठमोठ्या सिस्टिम्सची डिझाइन्स माझ्याकडे येतात, मी ती मंजूर किंवा नामंजूर करतो. फोनने भाषांतर केलं. ती गंभीरपणे मान हलवत काहीतरी म्हणाली. फोन म्हणाला, "अच्छा. तुम्ही फाटकावर उभे असता."

भाषांतराचं तंत्रज्ञान अजून फारच मागासलेलं आहे.

जेवणानंतर रुचा आणि ती गॅरेजमध्ये गेल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी दोन तास हसण्याचा आवाज येत होता.

शनिवार, २६ एप्रिल

सविस्तर लिहितो.

सकाळपासून ढग होते, गारांचा इशाराही होता. मला वाटलं, सुटलो. पण दहा वाजता आभाळ उघडलं. मी जाणार नव्हतो, पण सई दारात उभी राहून म्हणाली, "यू आर कमिंग." विचारलंसुद्धा नाही.

तिथे जाऊन पाहतो तर पायऱ्या भरलेल्या. जागा पुरेना म्हणून लोकांनी आपापल्या ट्रकच्या मागे खुर्च्या मांडल्या होत्या. आणि या गर्दीत आमचं मराठी मंडळ! सुशांत, त्याची बायको अदिती, आणखी तीन-चार कुटुंबं, डबे, छत्र्या, मुलं. सुशांत म्हणाला, "अरे देवदत्त, दोन वर्षांपासून वहिनींचे व्हिडिओ बघतोय आम्ही. आज लाइव्ह!" दोन वर्षांपासून. माझ्या घरातली गोष्ट.

"तू पण येतोस ना दर वेळी?" अदितीने विचारलं.

"ऑफिस असतं," मी म्हणालो. शनिवारी.

तेवढ्यात लॉरेटा आली आणि माझ्या छातीवर एक पिवळं जाकीट आपटलं. "चल. स्टार्टला माझा नेहमीचा माणूस आजारी आहे. तुला नियम आवडतात असं ऐकलंय."

तिला माहीत होतं. तिच्या डोळ्यांतच होतं. पण राग नव्हता, आणि तेच मला जास्त खटकलं.

काम सोपं. चार गाड्या एका रेषेत उभ्या राहतात, समोर आडवी फीत ताणलेली. फीत झटक्यात वर गेली की सुटायचं. त्याआधी जी पुढे सरकेल किंवा फितीला लागेल, तिच्या हेल्मेटचा रंग ओरडून सांगायचा आणि झेंडा वर करायचा. लाल, निळी, पांढरी, पिवळी. ती पंधरा मीटर मागून सुटणार. "तुझा शब्द अखेरचा," लॉरेटा म्हणाली. "व्हिडिओ नाही, अपील नाही, नवरा नाही."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. एवढ्या गबाळ्या कारभारात निदान एक जागा तरी योग्य माणसाकडे आली.

सकाळच्या प्राथमिक शर्यतींत मी दोघींना मागे पाठवलं. दोन्ही वेळा बरोबर होतो. एक ऑस्ट्रेलियन जाता जाता काहीतरी बोलली, ते इंजिनांच्या आवाजात ऐकू आलं नाही. नऊ जणींतून चार उरल्या. रुचा लाल, पिलार निळी, ती ऑस्ट्रेलियन पांढरी, आणि कॅलिफोर्नियाची एक तरुण मुलगी पिवळी.

शेवटची शर्यत. चौघी रेषेवर आल्या. लाल आणि पिवळी शेजारी शेजारी. इंजिनं कानठळ्या बसवत होती, जळक्या तेलाचा गोडसर वास. मी रुचाकडे पाहत होतो. तिचे खांदे पुढे, कोपर वर. मला माहीत होतं ती हलणार. घाईच तिचा स्वभाव. विमानतळावर चार तास आधी पोचते. फीत थरथरली. अगदी तिच्या पुढच्या चाकाजवळ.

"रेड!" मी ओरडलो आणि झेंडा वर केला.

पायऱ्यांवरून मोठा 'ओऽऽ' आला. सगळ्या इंजिनांचा आवाज खाली उतरला. रुचाने हेल्मेटची काच वर करून माझ्याकडे पाहिलं. ती वाद घालेल अशी माझी तयारी होती. उत्तरही तयार होतं, की बायको म्हणून सूट देणार नाही, आणि तूही ती मागू नयेस. पण तिने काच खाली केली, पायाने गाडी मागे रेटली आणि पंधरा मीटरच्या खुणेवर जाऊन उभी राहिली. एकटी.

फीत वर गेली. तिघी निघून गेल्या. ती निघाली तेव्हा पहिलं वळण त्यांच्या मातीने भरलं होतं. आता संपलं, मी मनात म्हटलं. तिने आतली बाजू सोडली. कुंपणाला जवळजवळ चिकटून, जिथे माती भुसभुशीत असते आणि कोणी जात नाही, तिथून ती गेली. दुसऱ्या फेरीत पिवळीला मागे टाकलं. तिसऱ्या फेरीत पांढरीला. चौथीला निळीच्या मागच्या चाकाशी होती. मी ओरडत होतो असं सई म्हणते. मला आठवत नाही. गर्दीत कोणीतरी ओरडतच असतं.

पिलार पहिली. रुचा दुसरी. चाकभर अंतर.

मग जे झालं ते म्हणजे शेतकी प्रदर्शनाचा बक्षीस समारंभ. पत्र्याचा करंडक, कोणीतरी घरी केलेला केक. पिलार रडली. अदितीही रडली, कारण नसताना. सुशांत छत्री नाचवत ओरडला, "वहिनी जगात दुसऱ्या!" जगात. नऊ जणींच्या जगात.

लोक रुचाला मिठ्या मारत होते. मी पिवळं जाकीट घडी करून लॉरेटाला द्यायला गेलो. तिने ते घेतलं आणि म्हणाली, "आवाज चांगला आहे तुझा." बस्स.

घरी येताना रुचा झोपली होती. मानेवर माती वाळून भेगा पडल्या होत्या. मी तिला म्हणालो की नियम म्हणजे नियम. ती झोपेत असावी.

रविवार, २७ एप्रिल

सकाळी पिलारला विमानतळावर सोडून आलो. सई स्वयंपाकघरात माझी वाट पाहत होती. फोन टेबलावर ठेवला. "वॉच."

कालची शेवटची शर्यत, पायऱ्यांवरून घेतलेली. चौघी रेषेवर. सईने ते अगदी हळू केलं. पिवळीचं पुढचं चाक सरकलं, फितीला लागलं, फीत थरथरली. रुचाची गाडी जागच्या जागी. तिचा पाय जमिनीवर. मग माझा झेंडा वर.

"अँगलमुळे तसं दिसतं," मी म्हणालो.

तिने परत लावलं. परत तेच दिसलं. तिसऱ्यांदा लावायला गेली तेव्हा मी फोन उलटा केला.

"यू वर ओन्ली लुकिंग ॲट मॉम," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "द होल टाइम."

अर्थातच तिच्याकडे पाहत होतो. ती माझी बायको आहे. पण हे सईला सांगणं मलाच बरं वाटेना. सई फोन घेऊन वर गेली. जाताना दार आपटेल असं वाटलं होतं. आपटलं नाही. या घरात कोणी काही आपटत नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

लॉरेटाला फोन केला. पंचाची चूक झालेली आहे, निकालात दुरुस्ती व्हावी, माझी लेखी द्यायची तयारी आहे.

"पिलारला परत बोलावू म्हणतोस?" ती म्हणाली. पाठीमागे कुत्री भुंकत होती. "चुका होतात, हनी. माझा नेहमीचा माणूस तर एका डोळ्याने अधू आहे. रुचाशी बोललास?"

"नाही."

"मग मला कशाला फोन केलास?"

मी या बाईला काय काय म्हणू शकलो असतो. शब्द सगळे तयार होते. फोन ठेवला आणि पाहिलं, तर मीटिंग सुरू झाली होती आणि यश त्याचं नवीन डिझाइन दाखवत होता. डिझाइन बरं होतं. मी काहीच बोललो नाही. मोना याला प्रगती म्हणेल. मूर्ख बाई.

शनिवार, ३ मे

सकाळी रुचा गॅरेजमध्ये बसली होती, साखळीला तेल देत. मी दारात उभा राहिलो. पाच-सात वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकच बाहेर आलं.

"पिवळी हलली होती."

"हो," तिने मान वर न करता म्हटलं.

"तुला कळलं होतं?"

"तेव्हाच. माझ्या शेजारीच होती ना."

"मग बोलली का नाहीस? नुसता हात वर केला असतास तरी..."

"तिघी इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या, देवा. इंजिनं तापत होती. तुझ्याशी वाद घालायला वेळ नव्हता."

हे ती रागाने म्हणाली असती तर माझ्याकडे उत्तर होतं. ती फडक्याने साखळी पुसत होती, एकेक कडी.

मग तिने सांगितलं की ऑक्टोबरमध्ये पिलारच्या गावी अशीच स्पर्धा आहे. ती जाणार आहे, आणि त्याच्या आधी दोन महिने तिथेच सराव करणार आहे. ऑफिसातून बिनपगारी रजा मागितली आहे, ते हो म्हणालेत. सईशी बोलणं झालं आहे. मला विचारत नव्हती, सांगत होती. मी व्हिसा, शाळा, इन्शुरन्स हे सगळं डोळ्यांपुढे आणलं. नेहमी अशा वेळी मला चटकन एखादा नियम सापडतो.

"मी येऊ?" मी विचारलं. हे माझ्या तोंडून आलं यावर माझाच विश्वास बसला नाही.

रुचाने पहिल्यांदा वर पाहिलं. "तिकडे तू काय करणार?"



ती उठली, गाडी ट्रेलरवर चढवायला लागली. "आज लॉरेटाकडे कोणी नाहीये. या गाडीला किक नसते, बटन नसतं. मागून पळत ढकलावी लागते. येतोस तर चल."

बॉनहॅमला मैदानात आम्ही तिघंच, आणि ती दोन कुत्री. लॉरेटा पायऱ्यांवर बसून सँडविच खात होती. तिने मला पाहिलं आणि पुढचा घास घेतला, हा तिचा मोठेपणा म्हणायचा की आळस, कळत नाही. रुचा बसली, मी मागे वाकून दोन्ही हात लावले. ऑफिसचे बूट घालून गेलो होतो. ओल्या मातीत बूट घसरत होते, धाप लागली, कमरेत काहीतरी लचकलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, टेक्सासच्या एका शेतात, बायकोची मोटरसायकल ढकलतोय. कोणी व्हिडिओ काढला असता तर मराठी मंडळात दोन वर्षं पुरला असता.

"आणखी जोरात," ती म्हणाली.

मी पळालो. इंजिन एकदा खोकलं, बंद झालं. पुन्हा मागे नेलं, पुन्हा पळालो. तिसऱ्या वेळी ते पेटलं आणि गाडी माझ्या हातांतून अशी सुटली की मी गुडघ्यांवर आलो. मागच्या चाकाची सगळी माती माझ्या तोंडावर. थुंकलो, चष्मा पुसायला गेलो तर हातही तसलेच. चष्म्याच्या एका कोपऱ्यातून तेवढी ती दिसत होती, पलीकडच्या वळणावर, आडवी.

मी तिथेच बसून राहिलो. एक फेरी झाली की ती इथूनच जाणार होती, आणि मध्ये बसणं धोक्याचं आहे हे मला कळत होतं. लॉरेटाने पायऱ्यांवरून ओरडून सांगितलंही. मग उठलो, कुंपणाच्या बाजूला झालो आणि गाडी थांबली की पुन्हा ढकलावी लागेल म्हणून बुटांचे बंद घट्ट बांधले.